धर्मादादाची दुसरी टाळी

गणपतीच्या आरतीत भलत्याच जागी टाळी वाजवतो म्हणून ज्याला गावानं देवळाच्या पायरीखाली उभं केलं, असा माणूस माझ्या पाहण्यात एकच आला. धर्मादादा. बरं, त्याचा ताल कच्चा म्हणावा, तर पंचक्रोशीत त्याच्याइतका तालाला पक्का माणूस नव्हता. आम्ही सगळे जिथे टाळी वाजवायचो तिथे तो हात आवरून धरायचा, आणि आमचे हात सुटे झाले की मधल्या मोकळ्या जागेत नेमकी आपली टाळी हाणायचा. चार-सहा ओळींत शेजारच्यांचे हात डगमगायला लागायचे. मग झांजा बिघडायच्या, मग पुजाऱ्याची घंटा, आणि आरती कुठल्या कडव्यावर आहे हेच कुणाला कळेनासं व्हायचं. "धर्मा, भायेर!" असं पाटील ओरडला की हा शांतपणे पायऱ्या उतरायचा आणि खाली उभा राहून तिथून टाळ्या वाजवायचा. त्याही मधल्याच जागेत.

मी त्या गावात शाळामास्तर म्हणून रुजू झालो तेव्हा नवी मुंबई हे नाव कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. गोवा अजून फिरंग्यांकडे होता. उरणहून बैलगाडीनं निघालं की दीडेक तासात आमचं गाव यायचं. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला मिठागरं आणि मधे दाटीवाटीनं बसलेली शंभरेक घरं. आज तिथे कंटेनर एकावर एक रचून ठेवतात, आणि माझी शाळा नेमकी कुठे होती हे मलाही दाखवता येत नाही. मी साताऱ्याकडचा, कोरड्या हवेत वाढलेला. दिवसा चार इयत्ता एका खोलीत शिकवायचो आणि संध्याकाळी पेटीवर भजनं वाजवायचो. ही दुसरी गोष्ट धर्मादादाला कळली नसती तर माझं आयुष्य बरंच सरळ गेलं असतं.

पहिल्याच आठवड्यात तो शाळेच्या खिडकीत येऊन उभा राहिला. पन्नाशीचा, काटक, कमरेला तांबडा रुमाल, अंगात बंडी. मुलं बेचा पाढा म्हणत होती.

"गुरजी, पोरांना बे वर नका आपटू," तो म्हणाला. "बे हलूच सोडा. एकं वर या. दोनावर, गुरजी, दोनावर!"

मी त्याला तिथून घालवला. पण मी पाणी प्यायला बाहेर गेलो तेवढ्यात त्यानं काय शिकवायचं ते शिकवून टाकलं. परत आलो तो मुलं हलत-झुलत पाढे म्हणत होती. मी छडी उगारली, दटावलं, तरी ती चाल काही त्यांच्या अंगातून गेली नाही. पुढच्या महिन्यात तपासणीला आलेल्या साहेबांना मुलांनी बारापर्यंतचे पाढे त्याच झोकात म्हणून दाखवले. साहेब गंभीर चेहऱ्यानं वहीत काहीतरी लिहीत होते, पण टेबलाखाली त्यांचा बूट हलत होता, तो मी पाहिला. शेरा 'उत्तम' मिळाला. त्याचं श्रेय धर्मादादानं मला दिलं नाही, आणि खरं सांगायचं तर ते माझं नव्हतंच.

धर्मादादा लग्नाच्या बँडमध्ये क्लार्नेट वाजवायचा. वाजवायच्या दिवशी बंडीवर एक काळा रेशमी बो बांधायचा. पाय अनवाणी, कमरेला रुमाल आणि गळ्यात बो. हा बो कुठला, असं विचारायची खोटी, की त्याची गाडी मुंबईला सुटायची.

लढाईच्या काळात तो मुंबईत एका मोठ्या हॉटेलात मासे साफ करायला होता. मुदपाकखान्याच्या झुलत्या दारापलीकडे साहेब-मडमांचा नाच चालायचा. दार उघडलं की बँड ऐकू यायचा, मिटलं की बंद. "तीन मईने मी अर्धीच गानी ऐकली, गुरजी. बाकीची अर्धी मनानंच वाजवली." त्या बँडचा म्होरक्या मिंगेल मास्तर म्हणून एक गोवेकर होता. आमच्याकडे कुणाकडून काही काम करून घ्यायचं तर माणूस जिताडा मासा घेऊन जातो. वकिलाकडे जाताना नेतात, सोयरिकीच्या बोलण्यालाही नेतात. धर्मादादानं तेच केलं. दर आठवड्याला गावाहून परतताना खाडीतला एक ताजा जिताडा केळीच्या पानात गुंडाळून त्यानं मास्तरांच्या पुढ्यात ठेवला. पाचव्या जिताड्याला मास्तरांनी विचारलं, की बाबा, तुला हवंय तरी काय?

"मी बोल्लो, कलार्नेट शिकवा. मंग मास्तर बोल्ले, आदी टाली मारून दाखव. त्यांनी पायानं ताल धरला, मी टाली मारली. मास्तर बघतच ऱ्हायले. बोल्ले, माजे लोक सा-सा मईने दोनाची टाली शिकतान, तरी पयल्यावर पडतान. तुना ही कोनी शिकवली? मी बोल्लो, घरी."

"घरी?" मी विचारलं.

"घरी," तो म्हणाला आणि क्लार्नेट पुसायला लागला. मीही तेव्हा फार चौकशी केली नाही.

पुढे मुंबईत दारूबंदी आली. हॉटेलातला नाच थंडावला आणि बँड मोडला. मिंगेल मास्तरांनी जाताना आपली जुनी क्लार्नेट आणि गळ्यातला बो त्याला दिला. त्याच सुमारास गावी त्याची बायको, सोनी, तापानं गेली. निरोप लाँचनं पोहोचेपर्यंत एक दिवस उलटला होता. तो गावी परतला तो कायमचाच. मूलबाळ नव्हतं. ही सगळी हकीकत मला गावानं सांगितली, त्यानं नाही. गावानं आणखीही एक सांगितलं होतं, आणि ते हसत हसत: सोनी होती तेव्हा हा माणूस सुट्टीला आला की बायकोबरोबर उखळीशी उभा राहून भात कांडायचा. गावातला दुसरा कुठलाही पुरुष मेला तरी मुसळाला हात लावत नसे. बायका तोंडाला पदर लावायच्या, पुरुष खाकरायचे, आणि ह्याचं आपलं चालू. त्याच्या घराच्या कोपऱ्यात ती दोन मुसळं अजून उभी होती. एकाला मधोमध हात लागून लागून चकाकी आली होती, दुसऱ्यावर धूळ होती. गावात भाताची गिरणी येऊनही दोन वर्षं झाली होती, म्हणून मी एकदा म्हणालो, "दादा, ही अडगळ कशाला?" तर म्हणाला, "असू दे."

आता त्याच्या गाण्याचं सांगतो. धर्मादादानं स्वतः एक गाणं रचलं होतं. शब्द नाहीत, नुसतं वाजवायचं. मिंगेल मास्तरांच्या सुइंगच्या चालीतलं. सुइंग म्हणजे काय, असं मी विचारलं तेव्हा त्यानं मला अंगणातल्या झोपाळ्यावर बसवून ढकललं. "ढकलला तवा काय नाय वाटत, गुरजी. वर जाऊन थांबतो ना इवलासा, आन मंग पोटात गोला येतो, ते सुइंग." मी झोपाळ्यावरून पडलो, पण मला कळलं. नंतर पुस्तकात वाचलेली एकही व्याख्या मला त्याच्या तोडीची वाटली नाही.

हे गाणं त्यानं एका वरातीत वाजवलं आणि तिथेच सगळं बिनसलं. आमच्याकडे नवरदेवाला मामा खांद्यावर घेऊन नाचतो. मामाचे पाय बँडच्या ठोक्यावर पडत असतात, आणि त्यानं सकाळपासून ताडी घेतलेली असते. धर्मादादानं मधेच आपलं गाणं सुरू केलं. मामानं पाऊल टाकलं, तो ठोका तिथे नव्हताच, तो पुढच्या जागी होता. मामानं ठोका शोधायला दुसरा पाय पुढे टाकला, आणि मामा, नवरदेव, बाशिंग आणि जरीचा फेटा असे चौघे बांधावरून खाली मिठागराच्या चिखलात गेले. नवरदेव वर आला तेव्हा नवरीनं त्याला ओळखलं नाही.

दुसऱ्या दिवशी पंच बसले. 'लग्नात, हळदीत आन देवाच्या पालखीत धर्माचं सोताचं गानं वाजायचं नाय,' असं ठरलं. मोडला नियम तर देवीला अकरा नारळ. ह्या सगळ्यात त्याच्यावर सर्वांत जास्त भडकली होती ती हिराय. हिराय म्हणजे गावची धवलारीण. आमच्याकडे लग्न भटजीनं लावलं तरी धवलारिणीनं धवले गाऊन ते पुरं करावं लागतं, म्हणून तिचा शब्द पाटलाच्याही वर. सत्तरीची, वाकलेली, पण आवाज सुरीसारखा. ती म्हणाली, "धर्मा, तुजं गानं म्हंजे पायरी नसलेला जिना हाय रं."

त्यानंतर तीन वर्षं तो लग्नांत सिनेमातली गाणी वाजवत राहिला. निमूटपणे, पण खाटकाच्या दुकानात बसवलेल्या वारकऱ्याचा चेहरा करून.

आणि मग त्याचा दात हलायला लागला. वरचा, पुढचा. क्लार्नेटचं तोंड ह्याच दाताखाली धरायचं असतं. उरणच्या डॉक्टरनं सांगितलं, काढून टाका. धर्मादादा तिथून उठून आला तो थेट माझ्याकडे.

"गुरजी, दात गेला का फुंक गेली. माजं येकच म्हननं हाय. ह्या गावानं माजं गानं येकदा पयल्यापासून शेवटापरत आयकावं. येकदाच. मंग ही कलार्नेट मी खाडीत सोडली तरी चालंल."

हे तो हसत हसत बोलला नाही. बोलताना तो दात जिभेनं आत दाबून धरत होता. मला त्या माणसाची एकदम माया वाटली, आणि मायेच्या भरात माणूस करतो तेच मी केलं: शब्द दिला. आमच्या शाळेची नवी पक्की इमारत उभी राहिली होती आणि उद्घाटनाला जिल्ह्याचे मोठे साहेब यायचे होते. मी पाटलाला म्हणालो, शाळा म्हणजे लग्न नाही, हळद नाही आणि पालखीही नाही. पाटलानं बराच वेळ डोकं खाजवलं. "पोरांचं स्वागतगीत झाल्यावर वाजवा," तो शेवटी म्हणाला, "पन कोन पडला तर जबाबदार तुमी."

आम्ही चौघे होतो. क्लार्नेटवर धर्मादादा. ट्रंपेटवर मिठागरातला खंडू, जो ट्रंपेटच्या तोंडावर नारळाची करवंटी धरून आवाज कोंडायचा आणि सोडायचा. ताशावर जोमा, त्याच्या काठ्या काढून घेऊन धर्मादादानं त्याला माडाच्या झावळीच्या हिरांच्या दोन जुड्या दिल्या होत्या, आणि त्या जुड्या चामड्यावर फिरल्या की आवाज असा यायचा की कुणीतरी पहाटे अंगण झाडतंय. आणि पियानोच्या जागी मी, माझी भजनाची पेटी घेऊन. तालीम मिठाच्या कोठारात, दुपारी. तिथे ओठांवर आपोआप मीठ चढायचं.

माझा भाता पहिल्या ठोक्यावर दाबला जायचा. वीस वर्षांची भजनाची सवय. "गुरजी, तुमी ढकलताव," धर्मादादा थांबायचा. "झुलवा. पयला सोडा." मी पहिला सोडायला जायचो आणि दुसराही हातचा जायचा. मी बी.ए.च्या पहिल्या वर्षापर्यंत शिकलेला माणूस, पण त्या कोठारात सही न येणारा जोमा माझ्याकडे दयेनं बघायचा. टाळीचंही तेच. मी कधी घाईनं पडायचो, कधी उशिरा. "तुमी हुशार हाव, म्हनून तुमाला येत नाय," असं धर्मादादानं माझं समाधान केलं.

दातासाठी त्यानं तीन आठवडे पेजेवर काढले. भाकरी बंद, सुकट बंद, ऊस तर लांबच. शिंक आली तर आम्ही तिघं श्वास रोखून त्याच्या तोंडाकडे बघायचो.

पण दातापेक्षा मोठी अडचण गावाची होती. धर्मादादाचं एक खूळ होतं: त्याच्या गाण्यात कुणी पहिल्यावर टाळी दिली की त्याची बोटं तिथेच गोठायची. हट्ट म्हणून नव्हे. खरंच पुढे जाता यायचं नाही त्याला. आणि गाव तर बँड ऐकला की टाळ्या वाजवणारच. म्हणून त्यानं गावाला शिकवायला काढलं. मिठागरावर बायका टोपल्या डोक्यावर घेऊन ओळीनं जायच्या, त्यांच्या बाजूनं बांधावरून हा टाळ्या देत चालायचा. जाळी विणणाऱ्यांपुढे उकिडवा बसायचा. गावानं हसून हसून ऐकून घेतलं आणि एकही जण काही शिकला नाही.

उद्घाटनाच्या दिवशी ओहोटीनं घात केला. मोरा बंदराच्या धक्क्याला लाँच लागेना, साहेबांना होडीत आणि होडीतून चिखलात उतरावं लागलं. ते शाळेत पोहोचले ते पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून, दोन तास उशिरा. तोवर सगळं गाव मांडवात बसून कंटाळलं होतं. फीत कापली, स्वागतगीत झालं, पाटलाचं भाषण झालं. मग आम्ही चौघे पुढे आलो. धर्मादादानं बो सरळ केला, दात आत दाबला आणि मान हलवली.

जोमाच्या जुड्या फिरल्या. खंडूनं करवंटी उघडझाप केली. मी पेटी हळूच सोडली. आणि क्लार्नेट खालून उठली, एक वळसा घेऊन वर गेली आणि तिथे इवलीशी थांबली. माझ्या पोटात गोळा आला. कोठारात इतक्या वेळा ऐकलेलं, पण तिथे ती चार भिंतींत होती. इथे ती उघड्यावर आली आणि खाडीपर्यंत गेली. साहेब खुर्चीत पुढे सरकले. मांडव जागा झाला. गावाला आवडलं, हो, पहिल्या मिनिटात आवडलं, आणि आवडल्यावर गाव जे करतं ते गावानं केलं. तीनशे माणसांनी एकदम टाळी दिली. पहिल्यावर.

क्लार्नेट बंद पडली.

आम्ही तिघे दोन-चार मात्रा पुढे गेलो आणि गाडीचा बैल सुटल्यासारखे थांबलो. टाळ्या विरल्या. मागून कुणीतरी हसलं. पाटलाचा चेहरा लाल झाला. धर्मादादा क्लार्नेट छातीशी धरून उभा होता, आणि त्याच्या तोंडावर जे होतं ते मला अजून आठवतं. राग नव्हता. दारात येऊन घर बंद दिसल्यावर माणूस उभा राहतो, तसा तो उभा होता. मी शब्द दिला होता.

तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून हिराय उठली. मी मनात म्हटलं, संपलं. ती काठी टेकत पुढे आली, धर्मादादाकडे नीट बघितलं, आणि वळून बायकांवरच ओरडली.

"आगं बायांनो, कान हायत का पापड? ह्यो उखलीचा घाव हाय! दोघी जनी कांडतान तवा मुसलं येकदम घालताव का? टालकं फुटंल ना!"

बायकांमध्ये खसखस पिकली. कांडण म्हटल्यावर त्यांना दुसरं काही सांगायला लागलं नाही. उखळ एक, मुसळं दोन. एकीचं खाली तेव्हा दुसरीचं वर. ज्या बायकांना तीन आठवडे धर्मादादा शिकवू शकला नव्हता, त्यांच्या हातात ते लहानपणापासून होतं.

"तुमी सगल्यांनी दुसरा घ्यायचा," हिराय म्हणाली. मग ती धर्मादादाकडे वळली आणि तिचा आवाज खाली आला. "पयला मी धरतंय, धर्मा. आज मी धरतंय. चालंल ना रं?"

तो तिच्याकडे बघत राहिला. मला वाटलं, नाही म्हणतो आता. मग त्यानं मान डोलावली.

हिरायनं काठी नव्या शाळेच्या फरशीवर आपटली. ठक. आणि दीडशे बायकांची टाळी आली, बरोबर मधल्या मोकळ्या जागेत. ठक, टाळी. ठक, टाळी. पुरुष आधी बघत राहिले, मग बायकांना सामील झाले. पाटील सर्वांत शेवटी. क्लार्नेट उठली.

त्यानंतरची सात-आठ मिनिटं मला सांगता येणार नाहीत, पण त्यांचा अभिमान मी आजवर बाळगून आहे. खंडूनं करवंटी फेकून दिली आणि ट्रंपेट उघडी सोडली. जोमा हसत होता. माझा भाता आपोआप दोनावर पडायला लागला, कारण तीनशे माणसं मला तिथे ओढून नेत होती. आणि त्या सगळ्यांच्या वर धर्मादादाची क्लार्नेट उड्या मारत, पळत, मधेच मागे वळून थांबत, पुन्हा झेप घेत चालली होती. जन्मभर अनवाणी चाललेला, मासे साफ केलेला हा माणूस आमच्या खारट गावाच्या मधोमध उभा राहून असं वाजवत होता की मुंबईच्या साहेब-मडमांनी हेवा करावा. मी रडलो, हे कबूल करतो. पेटी वाजवताना डोळे पुसता येत नाहीत.

शेवटचा सूर त्यानं लांबवला आणि क्लार्नेट खाली घेतली. मांडव उठून उभा राहिला. धर्मादादानं दोन बोटं तोंडात घातली, दात बाहेर काढला, बघितला आणि बंडीच्या खिशात ठेवला.

साहेब पुढे आले. म्हणाले, "फारच सुंदर! ह्या चालीचं नाव काय?"

"नाव नाय ठेवला, सायब," धर्मादादा म्हणाला. दाताच्या जागेतून हवा जात होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्याकडे गेलो. गाव अजून कालचंच बोलत होतं. विहिरीवर, पारावर, जिथे तिथे 'आमचा धर्मादादा'. पंचांनी बंदी उठवल्याचा निरोपही माझ्याच हाती दिला होता, आता फुंकच राहिली नव्हती तरी. त्याच्या अंगणात शिरलो तो आतून आवाज आला. धप्. मग थोडी मोकळी जागा. धप्. पुन्हा मोकळी जागा.

तो एकटा उखळीशी उभा होता. चकाकीचं मुसळ त्याच्या हातात होतं. दुसरं, धुळीचं, कोपऱ्यात तसंच होतं. मला बघून तो थांबला नाही. मुसळ उचलायचा, वर थोपवून धरायचा, उखळीत कुणाचा तरी घाव पडून जाईपर्यंत वाट बघायचा, आणि मग आपला घाव घालायचा.

मी दारात उभा होतो आणि मला एकदम सगळं ऐकू आलं. देवळाच्या पायरीखालची टाळी. मिंगेल मास्तरांना दिलेलं उत्तर.

"गिरन नको वाटते," तो म्हणाला. "हप्त्यातून येकदा कांडतंय." मग मी काही विचारलं नाही तरी म्हणाला, "पयला तिचा असायचा, गुरजी. ती घाव घालायची आन बोलायची, आता तू. मी मुंबईला असलू तरी ती येकटीच पयला घालायची, माजा सोडायची. हिराय शेजारची, तिनं आयकलेला हाय. मंग ती गेली, तवा मी दुसरा घालतंय, तिचा सोडतंय."

"पण काल पहिला हिरायला दिलास," मी म्हणालो.

"येका दिसापुरता. सगल्या गावाला सोनीचं गानं आयकवायचा व्हता ना." आणि तो हसला; पुढचा दात नसलेलं, लहान पोरासारखं.

मला काहीतरी करावंसं वाटलं. मी कोपऱ्यात जाऊन धुळीच्या मुसळाला हात घातला.

"ऱ्हाऊ दे, गुरजी," तो हळूच म्हणाला. "तो तिचा हाय."

मी हात मागे घेतला आणि उंबऱ्यावर बसलो. त्यानं मुसळ पुन्हा उचललं. मी मोकळी जागा मोकळी जाऊ दिली, आणि मुसळ खाली आलं तेव्हा त्याच्याबरोबर टाळी दिली. मग पुन्हा जागा सोडली, पुन्हा टाळी. घाई झाली नाही, उशीरही झाला नाही.

धर्मादादानं माझ्याकडे बघितलं. "आता बरोबर, गुरजी," तो म्हणाला, आणि पुढचा घाव घातला.